ढाळ

चिठ्ठी संडासच्या दारावर होती. जखमेला लावायच्या चिकटपट्टीने चारही कोपरे पक्के केलेले, अक्षर आत्याचं. चाळीस वर्षं रुग्णांच्या तक्त्यांवर लिहून तिच्या अक्षराला सवय लागली होती: शब्द मोजके, पाल्हाळ नाही.

‘ढाळ आहे. पूर्ण जाईपर्यंत संडासात नेऊ नये. खुर्ची पलंगाशीच. पाणी देत राहणे, विसरू नये.’

गुण्याने ती दोनदा वाचली आणि त्याला हसू आलं. बुधवारपासून तो हेच सांगत होता. दोष बाबांच्या पायात नाही, फरशीत आहे. कोणी ऐकून घेत नव्हतं. आता आत्यालाच पटलं म्हटल्यावर प्रश्न मिटला. तिच्या शब्दापुढे या घरात डॉक्टरचंही चालत नसे.

“आत्या!” त्याने हाक मारली.

घर गप्प होतं. आत्या डोळ्यांच्या रविवारच्या शिबिराला गेली असणार, तिथे रांगेत दिवस मोडतो. ओट्यावरचा तिचा चहाचा कप अजून कोमट होता. बायको रविवार असूनही हॉटेलच्या धुलाईखान्यात पाळीवर गेलेली. तो स्वतः पहाटे पाचलाच एका दुकानाची फरशी उरकायला गेला होता, दुकान उघडायच्या आत. मागच्या दोरीवर तीन चादरी ठिबकत होत्या. आत्याला धुण्याचं वेडच होतं.

आतल्या खोलीत मिस्त्री जागे होते. गल्लीत, नात्यात सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत; फक्त दोघे मुलगे ‘बाबा’ म्हणत आणि बहीण, म्हणजे आत्या, ‘भाऊ’ म्हणे. त्यांनी साठ वर्षं लोकांच्या घरात गुडघ्यावर बसून फरशा बसवल्या होत्या. आपल्या मुलांना त्यांनी हत्यारांचीच टोपणनावं दिली. थोरला सरळमार्गी, काटकोनातला, म्हणून गुण्या. धाकटा लहानपणी सदा आईच्या पदराला लोंबकळलेला, म्हणून ओळंबा. गुण्याने बापाचा धंदा धरला. ओळंबा लिफ्टच्या कंपनीत गेला, साहेब झाला, आणि त्याला आता कोणी ओळंबा म्हटलेलं खपत नसे. मिस्त्री मुद्दाम म्हणत.

सहा आठवड्यांपूर्वी मिस्त्री स्वतःच्याच दारातल्या पायरीवरून पडले. खुब्यात सळई आली, हातात वॉकर आला आणि पलंगाशेजारी ती खुर्ची आली: चार नळ्यांचे पाय, दोन्ही बाजूंना हात, मधे भोक असलेली बैठक, तिच्याखाली झाकणाचा डबा. पहिल्याच दिवशी ते तिच्यावर बसले आणि उठल्यावर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “ज्या खोलीत जेवतो त्या खोलीत हे नाही. मला माझ्या संडासात न्या, नाहीतर मी जेवणच सोडतो.” दोन दिवस खरोखर जेवले नाहीत.

त्यावर आत्याने तोड काढली होती. डबा काढायचा, त्याजागी बूड नसलेला डबा बसवायचा म्हणजे शिंतोडे उडत नाहीत, आणि तीच खुर्ची संडासातल्या भांड्यावर उभी करायची. बैठक उंच मिळते, धरायला हात मिळतात, माणूस आपल्या संडासात जातो. “पण खुर्ची म्हणजे खेळणं नाही,” असं म्हणून तिने सगळ्यांना उभं करून शिकवलं होतं. चारही पायांची बटणं एकाच उंचीच्या भोकात. बटण ‘टक’ वाजून बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. खुर्ची भांड्यावर टेकता कामा नये, वजन तिच्या पायांवरच. दोन्ही पोटऱ्यांना बैठक लागेपर्यंत मागे यायचं, मग हात मागे, खुर्चीच्या हातांवर; वॉकरला लोंबकळून बसायचं नाही. आणि उठल्यावर दहा आकडे मोजल्याशिवाय पाऊल नाही.

बुधवारी सगळं तसंच केलं. मिस्त्री बसायला गेले आणि खुर्ची तिरकी डुलली. एक पाय अधांतरी होता. ते घाबरले, ओरडले, आणि जे व्हायचं ते तिथेच उभ्याने, कपड्यातच झालं. ओळंबा नेमका घरात होता.

“बास,” तो त्या संध्याकाळी म्हणाला होता. “शुश्रूषागृहात जागा आहे, मी फॉर्म आणलाय. रविवारी पाचला येतो. बाबा चालत गेले, बसले, उठले, परत आले, तर फॉर्म तुमच्यासमोर फाडीन. नाहीतर सोमवारी गाडी.”

“कबूल,” मिस्त्री म्हणाले होते.

आणि तो रविवार उजाडला होता.

“बाबा,” गुण्या दारातून म्हणाला, “आत्या चिठ्ठी लिहून गेलीये.”

“कसली?”

“ढाळ आहे म्हणते.”

मिस्त्रींनी डोळे मिटले. “तिला म्हटलं होतं, बोलू नकोस म्हणून.”

“बोलली कुठे? लिहिलंय.”

“तीही लबाडच.” ते हसले. ओठ कोरडे होते, हसताना वरचा ओठ दाताला चिकटला. “ओळंब्याच्या कानावर घालू नकोस. त्याला तेवढंच निमित्त.”

“नाही सांगत. पण त्यात लाजायचं काय? मी पाचच्या आत बंदोबस्त करतो.”

“तू काय बंदोबस्त करणार, डोंबल?”

“बघाच. पाणी देऊ?”

“नको. जितकं आत जाईल तितकं बाहेर येईल. पाचपर्यंत कोरडा बरा.”

परीक्षेला बसणाऱ्या पोरासारखे घाबरलेत, असं गुण्याला वाटलं. त्याने तांब्या-भांडं त्यांच्या हाताशी ठेवलं आणि तो हत्यारांची पिशवी घ्यायला गेला.

संडासची फरशी मिस्त्रींनीच बसवलेली, पस्तीस वर्षांपूर्वी. ते त्यांचं दाखवायचं काम होतं. दार, मागची भिंत, डावी-उजवी, चारही बाजूंनी पाणी कोपऱ्यातल्या जाळीकडे धावायचं. बादलीभर ओता आणि पाठ फिरवा, थेंब दिसायचा नाही. ज्या उतारासाठी, मिस्त्रींच्या भाषेत ढाळासाठी, लोक त्यांना लांबून बोलावत, त्याच उताराने खुर्चीचा एक पाय तीन सूत, म्हणजे अर्धा इंचही नाही, वर धरला होता. आणि पायातली भोकं इंचा-इंचावर. त्या बटणांनी सुधारण्याजोगी ती चूक नव्हती. हे काम फरशीवाल्याचंच होतं.

त्याने उताराकडच्या दोन पायांखाली बसवायला न घसरणाऱ्या फरशीच्या तळहाताएवढ्या दोन चकत्या कापल्या. प्रत्येकीला कडेने बोटभर उंच काठ दिला, खुर्चीच्या पायाचा रबरी टोप आत बसेल आणि सरकणार नाही असा. लवकर धरणारा मसाला कालवला. पाणसळ लावली, बुडबुडा पाहिला, ठोकलं, पुन्हा पाहिलं.

“पोकळ वाजतंय,” आतल्या खोलीतून आवाज आला. “उजवीकडची.”

गुण्याने बोटाने टकटक केलं. खरंच पोकळ होती. त्याने ती उचलली, खाली मसाला भरला, परत बसवली.

“आता?”

“पुन्हा ठोक.” त्याने ठोकलं. मग, “आता बरोबर.”

त्या ‘बरोबर’साठी तो गेली तीस वर्षं काम करत होता.

अकराला काम उरकलं. पाणी देत राहणे, विसरू नये. नव्या मसाल्याला पाणी पाजलं नाही तर त्याची भुकटी होते, हे मिस्त्रींनी त्याला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. त्यांच्या बहिणीला ते ठाऊक असायचंच. गुण्याने ओल्या फडक्याने चकत्या झाकल्या आणि दर अर्ध्या तासाने ओंजळीने त्यांच्यावर पाणी शिंपडलं. मधे दोनदा तो बाबांच्या खोलीत डोकावला. ते झोपले होते. भांडं भरलेलंच होतं.

चारला बायको आली. तिने पर्स ठेवली, हात धुतले, आणि आत जाऊन बाहेर आली.

“अहो, मिस्त्रींचा चेहरा फार उतरलाय.”

“परीक्षा आहे ना पाचला.”

“जेवले?”

“पेज नको म्हणाले. आधी इकडे ये, बघ.” त्याने तिला दाराशी ओढत नेलं. फडकं उचललं, खुर्ची ठेवली, चारही बटणं दाखवली, आणि आपण स्वतः धपकन बसला. पुढे झुकला, मागे रेलला. खुर्ची खिळ्याने ठोकल्यासारखी होती.

ती हसली नाही. “मी भावजींना हो म्हटलंय,” ती म्हणाली.

“काय हो?”

“तिकडे नेऊ म्हणून. बुधवारीच म्हटलं.” ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. “तुम्ही फरशी सरळ केलीत. पण त्यांना उठवायचं, धुवायचं, पुसायचं कोणी? तुम्ही पाचला जाता, मी सहाला. आत्या पंचाहत्तरीच्या, त्यांना दिसत नाही नीट. दिवसभर हॉटेलच्या चादरी धुते आणि घरी येऊन पुन्हा चादरीच. कंटाळले हो मी.”

“आणि मला आज सांगतेस?”

“तुमची खुर्ची होऊ दे म्हटलं. मनासारखी.”

मग उठून त्याने बैठक पुसली.

ओळंबा पाचला पाच मिनिटं असतानाच आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पारदर्शक पिशवी, तिच्यात फॉर्म.

“आत्या कुठाय?”

“डोळ्यांच्या शिबिरात. येईल इतक्यात.”

“तिच्याशिवाय नको मग.”

“तिनेच लिहून दिलंय काय करायचं ते,” गुण्या म्हणाला. “आणि केलंय. ये, हलवून बघ. तू लिफ्टवाला ना? तुझ्या लिफ्टपेक्षा सरळ उभी आहे.”

ओळंब्याने बैठकीवर दोन्ही हात रोवून जोर दिला. इकडून, तिकडून. मग तो उकिडवा बसला, चकतीच्या काठावरून बोट फिरवलं. काही क्षण तो साहेब राहिला नाही. बापाच्या पाठीमागे मसाल्याचं घमेलं घेऊन फिरणारं पोर झाला.

“झकास बसवलंस रे दादा,” तो म्हणाला.

मिस्त्रींना पलंगाच्या कडेला बसवायलाच वेळ लागला. गुण्याने त्यांना रबरी तळव्याच्या चपला घातल्या. हात थंडगार होते.

“जमेल ना, बाबा?”

“मला तिथवर ने फक्त,” ते पुटपुटले. “लवकर ने.”

वॉकर, पाऊल, पाऊल. चौदा पावलं होती. दारातून आत, हळूच वळण, मागे, अजून मागे. “लागली पोटऱ्यांना?” “लागली.” “हात मागे.” मिस्त्रींनी वॉकर सोडला, एक हात खुर्चीवर, मग दुसरा, आणि ते बसले. खुर्ची केसभरही हलली नाही.

त्यांनी उताराकडे पाहिलं, मग चकतीकडे. “पाणसळीत आहे,” ते म्हणाले.

गुण्या दार लोटून बाहेर उभा राहिला. ओळंबा फॉर्म हातात घेऊन उभा होता, वहिनीकडे बघत.

“वहिनी, काय करू? फाडू?”

“फाडा,” ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. ते कशाचं होतं कोणास ठाऊक.

आतून जो आवाज आला त्याने गुण्या जरा दचकला. नुसतं पाणी पडल्यासारखा होता, आणि थांबत नव्हता. मग मिस्त्रींनी हाक मारली. तो आत गेला. त्यांना स्वच्छ केलं, कपडे सावरले, उठवलं. वॉकर हातात दिला.

“आता मोजायचं, बाबा. दहापर्यंत. एक. दोन. तीन.”

मिस्त्रीही ओठांनी मोजत होते. चारला ते त्याच्याकडे बघत होते. सहाला ते त्याच्याकडे बघत होते, पण त्यांना तो दिसत नव्हता. सातला त्यांचे हात वॉकरवरून गळून पडले, गुडघे वळले, आणि गुण्याच्या मिठीतून ते ओल्या पोत्यासारखे निसटले. खुबा भांड्याच्या कडेवर आपटला. त्यांच्या मागे खुर्ची होती तिथेच, चारही पायांवर, घट्ट उभी.

आत्या आली तेव्हा ओळंबा फोनवर गाडी बोलावत होता. तिच्या डोळ्यांत औषध घातलेलं, त्यावर काळा चष्मा. ती चाचपडत दारापर्यंत आली, खाली बसली आणि तिने भावाची नाडी धरली. मग त्याच्या दंडाची कातडी चिमटीत उचलून सोडली. कातडी उचललेलीच राहिली.

“याला इथे कोणी आणलं?”

“मी,” गुण्या म्हणाला.

“लिहून ठेवलं होतं मी! दारावर!”

“तसंच केलं ना, आत्या. ढाळ काढला पूर्ण. तू म्हणालीस तसं पाणीही देत होतो, दर अर्ध्या तासाला.”

“मग हा असा सुकलाय कसा? किती पाणी प्याला हा?”

गुण्याला प्रश्न कळला नाही. त्याने चकत्यांकडे बोट केलं. फडकं अजून ओलं होतं.

आत्याने चष्मा काढला. तिचे डोळे प्रकाशाने मिटले जात होते तरी ती त्या चकत्यांकडे, मग त्याच्याकडे बघत राहिली.

“अरे,” ती म्हणाली, “पहाटेपासून चारदा ढाळ झाला त्याला. पाण्यासारखा. तीन चादरी धुतल्या मी. पोरांना बोलू नकोस, ओळंबा आज येतोय, अशी शपथ घातली त्याने मला. मी शब्द मोडला नाही, म्हणून लिहिलं.” तिचा आवाज चिरकला. “वॉर्डात आम्ही हेच लिहायचो. ढाळ. मला काय माहीत तुम्ही लोक...”

“जुलाब लिहायचं ना!” ओळंबा ओरडला. “जुलाब! पोरगंसुद्धा लिहील. आणि तू, दादा, दिवसभर घरात होतास. एकदा त्यांच्या अंगाला हात लावला असतास. फरशीला लावत बसलास!”

“भावजी, पुरे,” बायको म्हणाली. ती कोणाच्याच बाजूने नव्हती आता. ती सासऱ्यांचं डोकं मांडीवर घेऊन, चमच्याने त्यांच्या ओठांवर पाणी सोडत होती. पाणी कोपऱ्यातून ओघळून जात होतं.

गुण्या सकाळचं बोलणं आठवत होता. ओळंब्याच्या कानावर घालू नकोस. जितकं आत जाईल तितकं बाहेर येईल. बाबांनी त्याला सगळं सांगितलं होतं. त्याच्या तोंडावर, साध्या शब्दांत. आणि त्याने प्रत्येक शब्द ऐकला होता.

सोमवारी दुपारी वॉर्डात डॉक्टरीणबाईंनी खुब्याचा फोटो उजेडासमोर धरला. अंगातलं पाणी आणि क्षार संपल्याने रक्तदाब कोसळला, त्या म्हणाल्या. ते आता सलाईनने भरून येतंय. पण सळई सरकलीये आणि हाड खाली चिरलंय. पुन्हा उघडायचं तर त्यांच्या हृदयाला झेपणार नाही.

“मग चालणं?” ओळंब्याने विचारलं.

त्यांनी फोटो पाकिटात घातला. “पायावर भार द्यायचा नाही.”

“किती दिवस?”

“तसं नाही,” त्या म्हणाल्या. “द्यायचाच नाही.”

आत्या भावाच्या पायाशी बसून होती, चष्मा न काढता. शुश्रूषागृहातली जागा बुधवारपर्यंतच राखून ठेवणार होते. ओळंब्याने पिशवीतून फॉर्म काढला. तो फाडायचा राहून गेला होता. एका कोपऱ्यात थोडासा चिरलेला होता, तिथे त्याने चिकटपट्टी लावली होती.

“दादा, तू भर,” तो म्हणाला. आदल्या दिवसाचा राग त्याच्या आवाजात उरला नव्हता, त्यामुळे ते ऐकायला जास्त कठीण होतं. “थोरला तू आहेस.”

गुण्याने फॉर्मखाली पुठ्ठा घेतला आणि तो लिहायला लागला. वय. व्यवसाय. औषधांची वावडी. ऐकू येतं का, दिसतं का, अन्न चावता येतं का. तो प्रत्येक चौकटीत नीट खूण करत खाली उतरत गेला आणि चौदाव्या प्रश्नाशी थांबला.

‘शौचास स्वतः जाऊ शकतात का? होय. नाही.’

पेन कागदावर टेकवलेलं होतं. शाईचा ठिपका मोठा होत होता.

“कितवा आहे?” पलंगावरून आवाज आला. मिस्त्री जागे होते. केव्हापासून, कोण जाणे.

“चौदावा, बाबा.”

“वाच.”

गुण्याला वाचता येईना. आत्यालाही दिसत नव्हतं. शेवटी ओळंब्याने वाकून, हळू आवाजात, सगळा वॉर्ड ऐकणार नाही असा, वाचून दाखवला.

मिस्त्रींना लावलेली लघवीची नळी पलंगाखालच्या पिशवीत उतरत होती.

“नाही कर,” ते म्हणाले.

“बाबा, दोन-तीन महिन्यांनी बघू, कदाचित...”

“‘नाही’वर खूण कर, गुण्या. विचार काय करतोस?” त्यांनी मान जरा वळवली, कागद दिसेल एवढी. “आणि पेन नीट धर. रेघ चौकटीबाहेर जाऊ देऊ नकोस.”